एक जून ते पंधरा ऑक्टोबर

"बरं. नोंद घेतली," असं महानंदा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. ठेवल्यावर मग तिच्या ध्यानात आलं, की पलीकडच्या बाईनं आपल्याला नवरा वारल्याचं सांगितलं होतं.

आता कुणी म्हणेल, असं कसं बोलवतं माणसाला? बोलवतं हो. अर्धं आयुष्य पूरनियंत्रण कक्षात फोनशी बसून काढलं, की जिभेला वळण पडतं. पलीकडून कुणी काहीही सांगो, धरणाचे दरवाजे उघडले, पाऊस थांबला, पुलावरून पाणी गेलं, आपण म्हणायचं, नोंद घेतली. त्या बाईनं विचारलं होतं, "कोन बोलतंय?" महानंदानं सांगितलं, पूरनियंत्रण कक्ष, सोलापूर, नवीन आराखड्यासाठी नंबर तपासतोय, जोतीराम खटके आहेत का. पलीकडं कोंबडी कलकलली, कुणीतरी तिला हाकललं, आणि बाई म्हणाली, "ते वारले की. दिवाळी झाल्यावर. मी त्यांची मालकीण, बजाबाई." झालं. एवढ्या बोलण्यावर महानंदा हत्तुरे, वरिष्ठ लिपिक, काय म्हणाली? नोंद घेतली. तिला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. डोक्यावर पंखा गरम हवा ढवळत होता, खिडकीला बांधलेला वाळ्याचा पडदा कोरडाठाक पडला होता, आणि समोर तो नंबर होता, ज्याच्यावर तिला फक्त बरोबरची खूण करायची होती. परत फोन लावावा, दोन शब्द बोलावेत, म्हणून तिनं रिसीव्हर उचलला. पण कुठले दोन शब्द? ती कोण त्या बाईची? रिसीव्हर हातात तसाच कूं कूं करत राहिला.

दर वर्षी मे महिन्यात हे काम असायचं. बाहेर सोलापूरचं ऊन माणसाला भाजून काढत असायचं, गावात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत असायचं, आणि आत ही मंडळी बसून पुराचा आराखडा करायची. याच्यावर गावातल्या लोकांनी केलेले विनोद महानंदाला पाठ होते. "काय हत्तुरेबाई, यंदा पूर कुठल्या नळाला सोडणार?" असं शेजारचे लोक कळशी भरता भरता विचारायचे. आराखडा तसा गेल्या वर्षीचाच असायचा. तोच उघडायचा, वरचं साल बदलायचं, बदलून गेलेल्या साहेबाचं नाव काढून नव्या साहेबाचं घालायचं, आणि नदीकाठच्या माणसांचे नंबर चालू आहेत का ते एकेकाला फोन करून बघायचं. महानंदा उंबरतळ्याचा नंबर नेहमी शेवटी ठेवायची. पोरं ताटातला गोड घास मागं ठेवतात ना, तसा. बाकीचे सगळे फोन उरकायचे, पाणी प्यायचं, पदर सारखा करायचा (फोनवर कुणाला पदर दिसतोय? पण करायचा) आणि मग तो नंबर फिरवायचा. तिकडून खाकरल्याचा आवाज यायचा आणि मग, "बोला बाई. आला का जून?"

जोतीराम खटके उंबरतळ्याच्या घाटावर सीनेची मोजपट्टी बघायचा. हंगामी माणूस. एक जूनला लागायचा, पंधरा ऑक्टोबरला सुटायचा, कारण आराखड्यात पूरकाळ तेवढाच असतो. रोज सकाळी आठला महानंदा फोन करायची आणि तो पट्टीवरचा आकडा सांगायचा. पाऊस पडला असेल तर पाऊस, नसेल तर निरंक. "लिवून घ्या बाई," अशी सुरुवात असायची. त्या "लिवून घ्या"मध्ये असा काही रुबाब असायचा, की जणू नदी याच्या वावरातनंच जाते. महानंदानं त्याला कधी बघितलं नव्हतं. उंबरतळं सोलापूरपासून असून असून किती लांब, सकाळच्या एसटीनं जाऊन दुपारी परत येता आलं असतं. पण कशाला जायचं? कारण काय सांगायचं? त्याचा चेहरा कसा असेल, हे तिनं कधी मुद्दाम ठरवलं नाही. आवाजावरून एक उंच, जरा वाकलेला, कानाला टॉवेल गुंडाळलेला माणूस आपोआप तयार झाला होता आणि तो चांगला होता, त्याच्यात तिला काही बदल नको होता. तर एके वर्षी, बऱ्याच मागं, आकडा सांगून झाल्यावर तो सहज म्हणाला, "मग बाई, डब्यात काय आज?" तिच्या आईच्या माघारी हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. आई होती तोवर अक्कलकोटकडच्या बायका विचारतात तसं फोन उचलल्या उचलल्या विचारायची, "ऊट आयता?" म्हणजे जेवलीस का. बरी आहेस का, पगार झाला का, हे सगळं त्याच्या नंतर. आई गेली आणि तो प्रश्नही गेला. भाऊ बेंगळुरूला, त्याचा फोन संक्रांतीला. आणि इथं हा कोण कुठला नदीकाठचा माणूस विचारत होता, डब्यात काय. डब्यात काहीच नव्हतं. डबाच नव्हता. एकट्या माणसासाठी कोण सकाळी उठून पोळ्या लाटतंय? ती दुपारी कोपऱ्यावरच्या गाड्यावरून काहीतरी आणून फायलींच्या आडोशाला खायची. पण असं सांगणार कसं? ती म्हणाली, "भरले दोडके. तीळ लावून." आईचे भरले दोडके. "लई भारी," जोतीराम म्हणाला, आणि फोन ठेवला.

तेव्हापासून हा रिवाजच पडला. आकडा, पाऊस, डबा. महानंदा सकाळी अंघोळ करता करता आज काय सांगायचं ते ठरवायची. आईच्या हातचं एकेक आठवून काढायची. पुंडीपल्या, वर लसणाची फोडणी. शेंगदाण्याची घट्ट आमटी. गव्हाची गोड हुग्गी, पण ती श्रावणातल्या सोमवारीच, उगाच कधीही नाही, कारण खोटं बोलायचं तरी त्याला काही ताळतंत्र हवं. एकदा लागोपाठ दोन दिवस वांगं सांगितलं तर तिकडून, "काल बी वांगंच की ओ बाई!" मग ती सावध झाली. तिच्या ओट्यावर स्टोव्हशेजारी एक पातेलं, एक तवा आणि बिस्किटांचा पुडा असायचा, पण फोनवर तिचं स्वयंपाकघर असं भरलेलं, असं वाफाळतं असायचं की कुणाला हेवा वाटावा. सांगताना तिच्याच तोंडाला पाणी सुटायचं. यात वाईट काय होतं? कुणाचं काय जात होतं? चार वाक्यं. ऑफिसचा फोन, ऑफिसचं काम. तरी त्या चार वाक्यांवर तिचा दिवस उभा राहायचा, हे तिचं तिला माहीत होतं आणि ते कुणाला कळू नये याची तिला फार काळजी वाटायची.

आणि मग पंधरा ऑक्टोबर. त्या दिवशी आकडा सांगून झाला की जोतीराम म्हणायचा, "बरं बाई, आता जूनला." ती म्हणायची, "हो, आता जूनला." खलास. नियंत्रण कक्षाला कुलूप लागायचं आणि तिला परत आस्थापनेच्या टेबलावर बसवायचे, रजांचे अर्ज आणि प्रवासभत्ते. सोळा तारखेला सकाळी आठला हात उगाच फोनकडं जायचा. फोन करायला काय हरकत होती? काही नाही. पण पूरकाळ संपल्यावर विचारायचं काय? पाणी किती? कशासाठी? पाण्याशिवाय तिला त्याच्याशी बोलण्याचा हक्कच नव्हता. मग दिवाळी, शेजाऱ्यांच्या फराळाचं ताट, गड्ड्याची जत्रा, तिथली गर्दी आणि धूळ. जुळे सोलापुरातल्या त्या दोन खोल्या, आणि पाण्याचा दिवस. हिवाळा-उन्हाळा तिच्या लेखी पाण्याच्या एका दिवसापासून पाण्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत चालायचा. पहाटे नळ सुसू करायला लागला की सगळी चाळ जागी व्हायची, बादल्या आदळायच्या, बायका भांडायच्या, आणि महानंदाला बरं वाटायचं, कारण त्या तासाभरात कुणीतरी तिच्याशी बोलायचं, निदान तिच्यावर ओरडायचं. लोक पावसाळ्याची वाट बघतात ते पेरण्यांसाठी, तळ्यांसाठी. ही एक बाई एक जूनची वाट बघायची ती सकाळच्या आठसाठी.

गेल्या सप्टेंबरात मात्र खरोखरीचा पूर आला. इतकी वर्षं कागदावर वाढवलेला पूर एकदम दारात येऊन उभा राहिला, तेव्हा ऑफिसातले सगळे आधी थोडे चकितच झाले. फोन थांबेनात. महानंदा खुर्चीतून उठली नाही, तिथंच चहा, तिथंच पाव. पाणी चढलं त्या सकाळी उंबरतळ्याला फोन लावला तर जोतीरामच्या आवाजामागं असा घोंघाट होता की तिला आधी वाटलं लाइन खराब आहे. "लिवून घ्या बाई. पट्टी बुडली." ती म्हणाली, "मग मागं व्हा. पट्टी दिसत नसेल तर नोंद होत नाही." तो ओरडून म्हणाला, "बाभळीच्या खुनंवरनं सांगतो की! मी छातीएवढ्या पान्यात हाय. बाभळीला दोरी बांधलीया, भ्यायचं न्हाय." तिनं त्याला रागावून बाहेर यायला सांगितलं, अगदी मोठ्यानं, इतक्या मोठ्यानं की आतल्या केबिनमधून शेखसाहेब बघायला आले. जोतीराम हसला. आणि त्या सगळ्या घोंघाटात, लोकांची जनावरं हंबरत असताना, हा माणूस विचारतो, "डब्यात काय?" त्या दिवशी तिला काही सुचलं नाही. "नंतर सांगते," ती म्हणाली. तक्त्यात उंबरतळ्यासमोर तिनं नियमाप्रमाणं लिहिलं, माहिती अप्राप्त. पूर ओसरला. ऑक्टोबरात त्याला खोकला होता, तो बोलता बोलता थांबायचा, तोंड बाजूला करायचा. तिनं आल्याचा काढा सांगितला. "घेतो की," तो म्हणाला. आणि पंधरा तारखेला, "बरं बाई, आता जूनला."

म्हणजे तो गेला तेव्हा ती काय करत होती? कुणाच्या तरी अर्जित रजेचा हिशेब. त्यानंतर सगळा हिवाळा ती त्याच्यासाठी जिनसा साठवत राहिली होती. मेथीची पीठ पेरलेली भाजी आठवली, तर मनात म्हणायची, ही जूनमध्ये सांगू. एवढे महिने ती नसलेल्या माणसासाठी स्वयंपाक करत होती. त्या संध्याकाळी ती आसरा चौकापर्यंत चालत गेली, रिक्षा केली नाही. रस्त्याचं डांबर अजून गरम होतं, चपलेतून कळत होतं. रडायला येईल असं तिला वाटत होतं आणि येत नव्हतं. रडायलासुद्धा काहीतरी नातं लागतं. सोयर असतं, सुतक असतं, कुणी घरी येऊन बसतं, चहा करून पाजतं. हिनं काय सांगायचं? आमचे उंबरतळ्याचे मापक गेले? लोक म्हणतील, बरं मग? रसाच्या गुऱ्हाळावर तिनं एक ग्लास रस घेतला, अर्धा प्याला आणि अर्धा तसाच ठेवून पैसे देऊन आली. घरी येऊन दिवा न लावता बसली. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

दुसऱ्या दिवशी ती शेखसाहेबांच्या केबिनमध्ये गेली. अझरुद्दीन शेख, उपअभियंता, वयानं तिच्या भाच्याएवढे, माणूस सज्जन, बोलताना समोरच्याला आधी बसायला सांगणारे. तिनं सांगितलं, साहेब, उंबरतळ्याचे जोतीराम खटके वारले. "अरेरे," साहेब म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं, ते तोंडावर दिसलं. "ते पाण्यात उभे राहून आकडे सांगत होते ना? तुम्ही ओरडला होता त्यांना." ती म्हणाली, "त्यातूनच छाती भरली साहेब. ताप हटलाच नाही, अंगावर काढला." हे तिनं आपल्या मनानं जोडलं होतं, बजाबाईला तिनं विचारलंच कुठं होतं? पण तिला ते ठाऊक होतं. "यंदाच्या अहवालात मनुष्यहानीच्या रकान्यात..." साहेबांनी पेन खाली ठेवलं. "कधी गेले ते?" दिवाळी झाल्यावर, ती म्हणाली. "नाही बसत हत्तुरेबाई. वाहून गेलेले नाहीत, आणि पूरकाळही संपला होता. मी घातलं तरी वरून कापून येईल. त्यांच्या घरच्यांचा काही अर्ज असेल तर मला आणून द्या, मी स्वतः बघतो." मग जरा चाचरत ते म्हणाले, "आणि तिथं आता सेन्सर बसलाय. आकडा आपोआप स्क्रीनवर येतो. तेव्हा आराखड्यातून तो नंबर काढून टाका, म्हणजे कंट्रोलवरून उगाच फोन जायला नको. चहा घेणार?" चहा आला. ती प्याली. साहेबांचं काही चुकलं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. कुणाचं चुकलं असतं तर भांडता तरी आलं असतं. नंबर काढला, की त्या घरात फोन करायला या जगात काही कारण उरणार नव्हतं; माणूस गेला होताच, आता त्याचं दारही बुजवायचं होतं, आणि बुजवायचं होतं तिनंच.

तिनं काढला नंबर. एक ओळ निळी झाली आणि नाहीशी झाली, खालच्या ओळी वर सरकल्या. मग अहवाल. गेल्या वर्षीच्या पुरामुळं यंदा वरून आदेश होता, की अहवाल नुसता पाठवायचा नाही, नदीकाठच्या गावांतल्या लोकांना बोलावून त्यांच्यापुढं वाचायचा. साहेबांनी पडद्यावर दाखवायची पानं महानंदाला करायला सांगितली. बाधित गावं, स्थलांतरित कुटुंबं, जनावरं, पडलेली घरं, सगळं भरून झालं. मनुष्यहानी. तिथं तिचा हात थांबला. निरंक हा शब्द तिनं आयुष्यात किती वेळा लिहिला असेल? पाऊस निरंक, तक्रार निरंक, प्रलंबित निरंक. नव्या पोरांना ती दटावून शिकवायची, रकाना कोरा सोडायचा नाही, काही नसेल तर निरंक लिहा, कोरा रकाना म्हणजे तुम्ही बघितलंच नाही असा अर्थ होतो. तिनं "नि" लिहिला आणि खोडला. "एक" लिहिण्याची तिची छाती नव्हती. निरंक लिहिण्याची त्याहून नव्हती. शेवटी तिनं ती चौकट रिकामी ठेवली आणि संगणक बंद केला. एवढंच तिच्याच्यानं झालं.

सभागृहात कूलर लावले होते, त्यांच्या आवाजात निम्मं ऐकू येत नव्हतं. गावोगावचे लोक आले होते, टोप्या, उपरणी, काही तरण्या पोरांचे मोबाइल वर धरलेले. महानंदा कडेला लॅपटॉपपाशी बसून पानं पुढं सरकवत होती. साहेब बरं वाचत होते. ते पान आलं. साहेब वाचत वाचत खाली आले आणि थांबले. पडद्यावर सगळ्या आकड्यांच्या मध्ये ती चौकट पांढरी होती, एवढ्या मोठ्या पडद्यावर ती पाटाएवढी दिसत होती. तिला वाटलं, आता कुणीतरी उठेल. उंबरतळ्याचं कुणी असेलच इथं, ते म्हणेल, आमचा जोतीराम. मागून एक म्हातारा उठलाही. "सायेब, त्या खान्यात कायच न्हाय की." सभागृह वळून बघायला लागलं. साहेबांनी महानंदाकडं बघितलं. तिनं खाली बघितलं. "टायपिंगमध्ये राहिलंय," साहेब माइकवर म्हणाले. "मनुष्यहानी निरंक. सुदैवानं." लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या मनापासून होत्या. म्हातारा समाधानानं खाली बसला. तिनं पुढचं पान लावलं. चहाच्या वेळी साहेब मुद्दाम तिच्यापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, तब्येत बरी आहे ना? तुमच्याकडून असं कधी होत नाही." त्यांना कळलं होतं का? कळलं असावं. ती म्हणाली, ऊन बाधलं जरा. घरी येताना तिला स्वतःचा इतका संताप आला, की शेजारणीनं "आलात का?" विचारलं त्याला तिनं उत्तरसुद्धा दिलं नाही. एवढी भरलेली सभा होती, माइक हाताच्या अंतरावर होता, आणि हिनं काय केलं, तर एक चौकट रिकामी ठेवली. ती सुद्धा दुसऱ्यानं भरली.

एक जूनला आभाळ कोरं होतं. ती ऑफिसात लवकर आली, कक्षाचं कुलूप काढलं, टेबल पुसलं. स्क्रीनवर उंबरतळ्याचा आकडा आधीच येऊन बसला होता, हिरवा, न बोलवता आलेला. किती वाजलेत हे ती बघत नव्हती असं दाखवत होती, कुणाला ते देव जाणे, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मग आठ वाजले. तिनं पर्समधून स्वतःचा मोबाइल काढला. आराखड्यातून नंबर गेला होता पण बोटांतून कसा जाईल? वाजायला लागला तेव्हा तिला वाटलं, उचलू नये. उचलला तर काय बोलायचं ते तिनं ठरवलं होतं. माफ करा, त्या दिवशी मी नीट बोलले नाही. एवढं म्हणायचं आणि ठेवायचं.

"व्हय बाई," पलीकडून आवाज आला. "हितंच हाय मी. घाटावर."

"घाटावर?" महानंदा म्हणाली. "तुम्ही कशा?"

"आज एक तारीख की. म्हनलं, फोन येनार." बजाबाईला धाप लागली होती. "हितं एक पत्र्याचा डबा बसिवलाय तुमच्या लोकांनी, खांबावर. त्यो बोलत न्हाय काय न्हाय. लिवून घ्या. पानी पट्टीच्या खाली हाय, डबकी हायती नुसती. पाऊस निरंक."

महानंदाचा हात सवयीनं पेनकडं गेला. "तुम्हाला हे कसं..."

"रोज ऐकत हुते की. थंडीत बी यायचे हितं ते सकाळच्याला. मी म्हनायचे, आता फोन न्हाय काय न्हाय, कुनाला सांगताव? तर म्हनायचे, पानी तर हाय की." मागं टिटवी ओरडत होती. "त्या दिशी तुमी फोन ठिवला चटदिशी. मला वाटलं, बोलशिला कायतरी."

"चुकलं माझं," महानंदा म्हणाली. पाठ केलेलं सगळं ती विसरली होती. "मला काही सुचलंच नाही हो. फार वाईट वाटलं मला. फार."

"वाटनारच की," बजाबाई म्हणाली, जणू यात सांगण्यासारखं काही नाही. "खरं सांगू का, मला लई राग यायचा तुमचा. म्हनायचे, कोन मेली ही, रोज येगळं करतीया! ह्यांनी हितनं यायचं आन् दारातनंच सांगायचं, आज कंट्रोलच्या बाईंनी दोडक्याला तीळ लावल्यात. की मी आपली दुसऱ्या दिशी दोडकं घिऊन बसायची. ती पुंडीपल्या म्हंजी काय वो? सगळ्या बाजारात इचारलं. शेवटाला एक कानडी बाई म्हनली, अंबाडीच की ती! मग अंबाडी म्हनायचं की सरळ." ती हसली. हसता हसता आवाज फिरला. "चांगली व्हायची पन. हुग्गी तर लई आवडायची त्यांना. शेवटाला काय जात नव्हतं तोंडात, तवा दोन घास ग्येले ते त्येचेच."

महानंदा खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. आईची हुग्गी. तिनं कितीतरी वर्षांत केली नव्हती, चाखली नव्हती. आणि तिकडं नदीकाठी एका घरात ती शिजत होती, वाढली जात होती, एका माणसाचा शेवटचा घास झाली होती. तिचे डोळे आता भरून आले, सहज, काही नातं न विचारता. तिनं ते पुसले नाहीत.

"बाई? हायसा न्हवं?"

"आहे."

"मग? डब्यात काय आज?"

अंघोळीच्या वेळी तिनं काहीच ठरवलं नव्हतं. तरी जिभेवर सवयीनं मेथी आली, पीठ पेरलेली, हिवाळाभर साठवलेली. ती तिनं गिळली. "काही नाही," ती म्हणाली. "डबा नसतोच माझ्याकडं बजाबाई. कधीच नव्हता. एकटीच असते मी. ते सगळं आई करायची, ते सांगत होते."

आता ही ठेवणार फोन, महानंदाला वाटलं, आणि ठेवला तर तिचं काही चुकणार नाही.

"अगं बया," बजाबाई हळूच म्हणाली. मग जरा वेळानं, "आन् मी मेली तुमच्या बरुबरी करत बसले!" आणि पुन्हा थांबून, तिच्या नवऱ्याच्या त्याच रुबाबात, "लिवून घ्या. रविवारी अंबाडी करनार हाय. सकाळची एसटी घाटाच्या वरल्या अंगाला थांबती. उतरलासा की घर दिसतंय. जेवायलाच या."

"नोंद..." एवढं महानंदाच्या तोंडातून गेलंच. तिनं ओठ मिटले. स्क्रीनवरचा हिरवा आकडा मिटला आणि तोच आकडा पुन्हा उमटला.

"येते," ती म्हणाली.